प्रतीक, संकेत आणि हिंसा

पेणच्या गणेशमूर्ती घरोघरी पूजिल्या जातात. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीस पोलीस सलामी देतात. अशी प्रतीके स्वभावतःच विभाजक असतात, हे मत भाषाशास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. चिन्हाचा अर्थ संकेताने ठरतो.

याच जिल्ह्यातील महाडचे उदाहरण पाहावे. चवदार तळे अन्यधर्मीयांस खुले होते. १९२४ साली नगरपालिकेने ते अस्पृश्यांसही खुले केले. तथापि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह त्यांनी पाणी घेताच, ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली व प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले.

ठराव बदलला, संकेत बदलला नाही. सारांश, द्वेषाचे मूळ प्रतीकात नसून, त्याचा अर्थ ठरविण्याच्या मक्तेदारीत शोधिले पाहिजे.