‘ठीकठाक’ म्हणजे नेमकं काय?

मी समीक्षक नाही, अधूनमधून सिनेमा बघणारा साधा प्रेक्षक. २०२३ मध्ये परेश मोकाशींचा ‘वाळवी’ पाहिला, केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ही. ‘वाळवी’ जाम आवडला. खुनाचा बेत सुरुवातीलाच कळतो, तरी पुढे काय होईल ही धाकधूक टिकते. ‘बाईपण’मध्ये सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, त्यांचं भांडण मिटणार हे मला मध्यंतराआधीच कळलं. घरी येऊन म्हटलं, ‘ठीकठाक.’ आई म्हणाली, ‘मिटणार हे मलाही ठाऊक होतं. कसं मिटतं ते बघायला गेले होते.’

माझी चूक बघा. दोन्ही सिनेमांना मी एकच मोजपट्टी लावली: पुढचं ओळखता येतं का? थरारपटाला ती चालते, इथे नाही. शिवाय ती मी सांगितलीही नव्हती.

तुमच्या संशोधन प्रस्तावातही हेच होतं. निष्कर्षाआधी निकष लिहा, आणि तो तुमच्या विषयाला का लागू पडतो तेही. मग गाईडनी खोडलं तरी वाद कशावर आहे ते कळेल.

‘बाईपण’ मला आजही कमीच भावतो. पण कारण आता वेगळं आहे: सहा जणींची दुःखं सारखी वाटून दिल्यामुळे एकही खोल जात नाही. यावर आईशी भांडता येतं. ‘ठीकठाक’वर येत नव्हतं.