रंगांचा स्वर्ग आणि अंधारातले घर

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला आपण दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा ठेवतो. सणाच्या ऐन तोंडावर मृत्यूची आठवण ठेवणारे आपले पूर्वज मोठे समंजस असले पाहिजेत. त्याच समंजसपणाने पाहावा असा एक इंग्रजी बोलपट म्हणजे १९९८ साली आलेला 'व्हॉट ड्रीम्स मे कम'. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९७८ च्या कादंबरीवरून न्यूझीलंडचे दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड यांनी तो काढला. नाव मात्र हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतातून उचललेले आहे.

कथा ऐकताच मन हबकते. ख्रिस हा मुलांचा डॉक्टर, त्याची पत्नी ॲनी चित्रकार. त्यांची दोन्ही मुले मोटारीच्या अपघातात जातात आणि चार वर्षांनी ख्रिसही अपघातातच जातो. डोळे उघडतो तो पत्नीच्याच चित्रात! पायाखालची फुले ओल्या रंगासारखी फिसकटतात, हात रंगाने माखतात. इकडे ॲनी कॅनव्हासवर नवे झाड काढते आणि तिकडे त्याच्या स्वर्गात ते उभे राहते. या किमयेला ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. परंतु चित्रपटाचे मोठेपण या नेत्रसुखात आहे, असे मला वाटत नाही.

ते आहे उत्तरार्धात. एकाकी ॲनी आत्महत्या करते आणि नरकात जाते. तिला आणायला ख्रिस खाली उतरतो. ग्रीकांचा ऑर्फियस असाच उतरला होता. आपल्याला मात्र सावित्री आठवते; आणि आपले अर्धे आयुष्य देऊन प्रमद्वरेला उठवणारा महाभारतातला रुरूही आठवतो. पण सावित्रीसमोर निदान यमधर्म होता. त्याच्याशी बोलता येत होते, वर मागता येत होते. इथे यमच नाही! ॲनीचा नरक म्हणजे तिचेच पडझड झालेले, अंधारे घर. त्यात ती बसली आहे आणि समोरच्या नवऱ्याला ओळखत नाही.

आता ख्रिसने करावे काय? तो क्षमा मागतो. मुले गेल्यावर ती कोसळली आणि हा सावरला, कामाला लागला. त्याचे हे धैर्य तिला मात्र आपल्याला एकटे टाकून जाण्यासारखे वाटले. एकाच घरात, एकाच दुःखात दोन माणसे किती दूर जाऊ शकतात, हे इथे जितके उमगते तितके मृत्यूच्या प्रसंगातही उमगत नाही. शेवटी तिला वर नेण्याचा हट्ट सोडून तो तिच्यापाशीच राहायचे ठरवतो, आणि तिथेच तिची सुटका होते. रॉबिन विल्यम्स आणि ॲनाबेला शिओरा या दोघांनी हा प्रसंग जीव ओतून केला आहे.

दोषही आहेत. मार्गदर्शक आत्मे फार बोलतात. परलोकात भेटणारी माणसे निराळ्याच रूपात असतात, ही क्लृप्ती पुन्हा पुन्हा वापरल्याने तिची धार जाते. पुनर्जन्माचा गोड शेवट तर इतक्या कडू अनुभवावर उगाच साखर पेरल्यासारखा वाटतो. सर्वांत खुपते ते आत्महत्येचे चित्रण. ही शिक्षा नव्हे, असे चित्रपट सांगतो खरा. तरीही दुःखाने मोडलेल्या बाईला तो नरकातच बसवतो. ज्यांच्या घरातले माणूस असे गेले, त्यांना हे पाहवेल काय? विल्यम्स यांनी स्वतः २०१४ साली आपले जीवन संपवले. तेव्हापासून हा भाग पाहणे अधिकच जड जाते.

तरीही हा चित्रपट पाहावा. दिवाळीच्या भरल्या घरात, फराळाच्या पंगतीत एखादे माणूस गप्प बसलेले असते. त्याला "सावर आता" असे म्हणण्याआधी ख्रिस आठवावा, आणि काही न बोलता त्याच्याशेजारी पाट मांडून बसावे.