मिश्र आकाराच्या सेल्युलर जाळ्यांचे आच्छादन : एका गणिती प्रतिमानाची चिकित्सा

भ्रमणध्वनीच्या जाळ्याचे गणित दीर्घकाळ षट्कोनी आखणीवर उभे होते. मोठ्या मनोऱ्यांच्या जोडीला दिव्यांच्या खांबांवर व घरांतही लहान केंद्रे बसू लागली, तेव्हा ही आखणी अपुरी पडली. या संदर्भात धिल्लों, गंटी, बाचेली व अँड्र्यूज यांचा २०१२ सालचा शोधनिबंध मूलगामी ठरतो.

प्रत्येक आकाराच्या केंद्रांचा एक स्तर, आणि प्रत्येक स्तर पॉयसन प्रक्रियेनुसार प्रतलावर स्वतंत्रपणे विखुरलेला, असे त्यातील गृहीतक आहे. संदेश व व्यत्यय यांचे गुणोत्तर ठरावीक उंबरठ्यापेक्षा अधिक असण्याची संभाव्यता म्हणजे आच्छादन. गोंगाट नगण्य आणि सर्व स्तरांचा उंबरठा समान मानला, की उत्तरातून केंद्रांची घनता, त्यांची शक्ती व स्तरांची संख्या नाहीशी होते. शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटत असेल व उंबरठा १ असेल, तर आच्छादन सुमारे ०.६४, चौरस किलोमीटरमागे केंद्र एक असो वा शंभर. केंद्र जवळ येते, तसा व्यत्ययही त्याच प्रमाणात जवळ येतो. लहान केंद्रांच्या गर्दीने जाळे कोलमडेल, ही भीती या निष्कर्षाने बरीच दूर केली. अर्थात ही केंद्रे सर्वांना खुली असावीत, ही अट आहेच.

मात्र हा निष्कर्ष सर्व अंतरांसाठी घातांक एकच मानण्यावर अवलंबून आहे. जवळच्या व दूरच्या अंतरांसाठी घातांक वेगळे घेतले, तर अतिदाट जाळ्यात आच्छादन घटू शकते, असे झँग व अँड्र्यूज यांनी २०१५ मध्ये दाखविले. स्वतंत्र विखुरणीही वास्तवाला धरून नाही. दोन मोठे मनोरे शेजारी शेजारी कोणी उभारत नाही आणि लहान केंद्र गर्दी पाहूनच बसवले जाते.

याहून गंभीर आक्षेप सरासरीचा आहे. ०.६४ याचा अर्थ प्रत्येक ग्राहकाला शंभरांपैकी चौसष्ट वेळा संपर्क मिळतो, असा होऊ शकतो. किंवा चौसष्ट ग्राहकांना तो नेहमी मिळतो आणि छत्तीसांना कधीच नाही, असाही. सूत्र या दोहोंत भेद करीत नाही. मार्टिन हेंगी यांनी २०१६ मध्ये मांडलेले ‘मेटा वितरण’ हा भेद उघड करते. म्हणून नियोजनाच्या अहवालात केवळ सरासरी आकडा देणे आता समर्थनीय नाही. शिवाय मूळ सूत्र उंबरठा १ वा अधिक असतानाच अचूक आहे. त्याखाली ते आच्छादन वाढवून सांगते, आणि सेलच्या कडेवरील ग्राहकाचे गुणोत्तर बहुधा त्याखालीच असते.