लेक बी.ए. झाली, समीक्षेचं काय?

मराठीत समीक्षा उरली नाही, असं सांगणारा लेख दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात येतोच. मला ते पटत नाही. समीक्षा रग्गड लिहिली जाते आहे. ती कुणी वाचावी म्हणून लिहिली जाते, एवढंच विचारायचं आहे. यंदा माझी लेक मराठी घेऊन बी.ए. झाली आणि तिच्या वह्या, झेरॉक्सचे गठ्ठे, ‘अपेक्षित प्रश्नसंच’ हे सगळं रद्दीत जाण्याआधी मी वाचून काढलं. माझं स्वतःचं वाङ्मयाचं शिक्षण कॉलेजात झालेलं नाही. बारावीनंतर लग्न झालं, आणि पुढचं जे काही शिकले ते तालुक्याच्या गावातल्या नगर वाचनालयात. त्यामुळे दोन शाळा शेजारी ठेवून बघायची आयतीच सोय झाली.

माझी शाळा म्हणजे ‘सत्यकथा’चे बांधीव खंड. १९३३ साली निघालेलं हे मासिक १९८२ साली बंद पडलं. माझ्या हाती आलं तेव्हा ते इतिहासजमा झालेलं होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नामवंत लेखकांनाही कथा परत परत लिहायला लावत, ही ख्याती मी नंतर ऐकली. मला त्या खंडांनी एकच गोष्ट शिकवली: आठ पानांच्या कथेवर सहा पानं लिहिता येतात, आणि ती सहा पानं कंटाळवाणी असायलाच हवीत असं नाही.

त्याच कपाटात म. वा. धोंड भेटले. त्यांच्या ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ला १९९७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्ञानेश्वरीवर लिहिणारे बहुतेकजण अध्यात्माच्या शिखरावर जाऊन बसतात. धोंड तिच्यातल्या रोजच्या जगात हिंडतात. प्रत्येक दृष्टांतापाशी थांबून, ही वस्तू त्या काळी कशी होती, हे काम लोक कसे करत, असं विचारतात. तपास करणाऱ्या फौजदाराचा चिवटपणा आणि गप्पिष्ट माणसाची भाषा, असं हे गद्य आहे. एक संज्ञा वाचकावर फेकलेली नाही, पण पुस्तक मिटल्यावर आपलं वाचन बदललेलं असतं. याच शंकेखोर माणसाने आधी लावणीवरही (‘मऱ्हाटी लावणी’) तितक्याच गांभीर्याने लिहिलं होतं.

दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ एकामागून एक वाचावं, असं वाचनालयात आम्ही एकमेकींना सांगायचो. दोन्ही साठच्या दशकातली, दोन्ही महाभारतावरची, आणि दोघींचा स्वभाव पार वेगळा. दुर्गाबाई व्यक्तिरेखेत विरघळतात. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञाच्या डोळ्याने घराणी, नाती, स्वार्थ मोजतात. दोघीही मराठीच्या प्राध्यापक नव्हत्या. इंटरला गटांगळ्या खाणारे आणि तरीही भल्याभल्यांना वादात भारी पडणारे नरहर कुरुंदकर नांदेडात बसून मराठी कादंबरीचा हिशेब मांडत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवत, आणि इतरांच्या पुस्तकांबद्दल त्यांनी पत्रांतून जे लिहिलं, ते आजही कित्येक प्रबंधांपेक्षा जास्त उजेड पाडतं. या मंडळींच्या मनात वाचणारं एक माणूस होतं. ते माणूस मी होते, असा माझा समज होता आणि आहे.

हे ऐकून लेक म्हणाली, “आई, तू ज्यांची नावं घेतेस ती सगळी एकाच गल्लीतली.”

गल्ली म्हणणं अन्यायाचं आहे, पण मुद्दा खोटा नाही. १९६९ साली लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला, तो निव्वळ थिल्लरपणा नव्हता. मर्ढेकरांनी मांडलेली लयतत्त्वं, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल, यांचा वापर पुढे पुढे असा झाला की जे त्या चौकटीत मावेना ते वाङ्मयच नव्हे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधल्या कथांना किंवा दया पवारांच्या ‘बलुतं’ला (१९७८) त्या मापाने मोजणं हास्यास्पद होतं. दलित साहित्याला स्वतःची समीक्षा स्वतःच उभी करावी लागली. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून चालवलेलं ‘अस्मितादर्श’, बागुलांचं वैचारिक लेखन, पुढे शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ अशी ती वाट आहे. माझ्या वाचनालयात यातलं फार थोडं होतं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ मी पहिल्यांदा वाचलं ते लेकीच्या अभ्यासक्रमात होतं म्हणून. कॉलेजने तिला माझ्यापेक्षा मोठा नकाशा दिला, हे मान्यच केलं पाहिजे.

पण त्या नकाशावर चालायला कुणी शिकवलं नाही. तिच्या वहीत ‘देशीवादाची पाच वैशिष्ट्ये’ आहेत. भालचंद्र नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’ ज्याने वाचलं आहे त्याला हे वाचून हसू येईल. नेमाडे आवडोत न आवडोत, ते भांडतात, टोमणे मारतात, मधेच अन्यायही करतात, आणि त्या भांडणातच त्यांचा विचार असतो. वहीत भांडण गाळून फक्त विचार उतरवलाय, आणि तो सपक झालाय. संरचनावाद, उत्तरआधुनिकता, स्त्रीवाद यांचंही तेच. तीन वर्षांत शंभर-दीडशे संज्ञा तिला पाठ झाल्या. “ही कविता तुला आवडली का, आणि कुठल्या ओळीपाशी?” हा प्रश्न मात्र एकदाही कुणी विचारला नाही, असं ती सांगते.

याचा दोष एकट्या शिक्षकांवर ढकलणं सोपं आहे. मी ढकलणार नाही. यूजीसीने २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकाला जोडल्या, आणि प्रकाशित लेखाला गुण मिळू लागले. मग गुणांसाठी लेख, लेखांसाठी चर्चासत्रं आणि चर्चासत्रांसाठी आयएसएसएन क्रमांकाची नियतकालिकं उगवली. त्यांत पैसे भरून छापलेले निबंध मी पाहिले आहेत: पहिल्या परिच्छेदात ‘प्रस्तावना’, शेवटी ‘निष्कर्ष’, मधे कथानकाचा सारांश. दुसरीकडे नेट परीक्षा. २०१२पासून तिचे सगळे पेपर पर्यायी उत्तरांचे. जोड्या लावा, कालक्रम लावा, योग्य विधान निवडा. म्हणजे साहित्य शिकवायला पात्र ठरण्यासाठी त्या परीक्षेत साहित्याबद्दल एक वाक्यही स्वतःचं लिहावं लागत नाही. यातून सलग चार परिच्छेद लिहिणारा समीक्षक निपजला, तर तो व्यवस्थेमुळे नव्हे, तिला चुकवून.

विद्यापीठाबाहेरची तऱ्हा याच्या उलट. रविवारच्या पुरवण्यांत पुस्तकांना मिळणारी जागा आक्रसली आणि परीक्षणाचा परिचय झाला. कादंबरीची गोष्ट सांगायची, ‘वाचनीय’ म्हणायचं, मुखपृष्ठकाराचं कौतुक करायचं, मुद्रणदोष ‘टाळता आले असते’ असं हळूच नोंदवायचं. प्रकाशन समारंभातलं भाषण प्रस्तावना होतं, प्रस्तावना फेसबुकवर पोस्ट होते, पोस्टमधली दोन वाक्यं पुढच्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर जातात. या फेऱ्यात पुस्तक वाईट असण्याची शक्यताच कुठे शिल्लक राहत नाही. ‘अनुष्टुभ’, ‘खेळ’, ‘मुक्त शब्द’ यांसारख्या नियतकालिकांनी मधली जागा धरून ठेवायचा प्रयत्न केला. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचं ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ हे तर अवघड विचार नीट मराठीत मांडता येतात याचा पुरावाच आहे. पण असे अंक तालुक्याच्या गावात पोचत नाहीत. भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या वाचनालयाने फटाके वाजवले. समीक्षेचं एकही मासिक तिथे येत नाही.

लेकीत आणि माझ्यात खरा वाद झाला तो ‘जिणं आमुचं’वर. फलटणच्या बेबीताई दुकान चालवायच्या, माल बांधायच्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहायच्या. लक्ष्मीबाई टिळकांनी तर शाळाही पाहिली नव्हती. पण ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई पानोपानी दिसतात, नवऱ्यावर रुसलेल्या, फजिती झालेल्या, हसणाऱ्या. बेबीताईंच्या पुस्तकात ‘मी’ जवळजवळ नाहीच. वस्तीतल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीचं अंगावर काटा आणणारं वर्णन आहे, स्वतःच्या संसारातल्या माराबद्दल मात्र मौन. तोही सोसला होता, हे त्यांनी पुढे त्यांच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना मुलाखतीत सांगितलं.

लेक म्हणते, हे मौन ही त्या पुस्तकाची रचना आहे. ‘आम्ही’ म्हणून बोलायचं ठरवल्यावर एकटीचं दुःख बाजूला ठेवणं हा लेखिकेने केलेला विचारपूर्वक निर्णय. त्याला उणीव म्हणणं म्हणजे पुन्हा लक्ष्मीबाईंचं माप लावणं. मी म्हणते, निर्णय असेल, पण त्याची किंमत पुस्तकाने मोजली आहे. समाजाचं चित्र काढणारी बाई मधेच भिंतीआड जाते ते मला वाचताना जाणवतं, आणि जे जाणवतं ते लिहायला नको का? ती म्हणाली, जाणवतं हे कबूल, पण भिंत कुणी बांधली हे आधी सांग. वहीतल्या पाच वैशिष्ट्यांत हे कुठेच नव्हतं. हे तिचं तिला सुचलेलं.

मी तिला म्हटलं, हेच लिहून काढ. त्यावर ती म्हणाली, छापणार कोण? शोधनिबंधात ‘मला वाटतं’ चालत नाही, आणि पुरवणीला चारशे शब्दांत कथानक हवं असतं.