विषयावरील निर्बंध की दृष्टिकोनावरील निर्बंध? : 'गांधी मला भेटला' निकालाची चिकित्सा

प्रस्तावना :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य बहाल केले असून वाजवी निर्बंधांची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद आहेत. असे निर्बंध दोन प्रकारचे संभवतात. एखाद्या विषयावरील सर्वच अभिव्यक्तीला सारखाच लागू होणारा तो विषयनिष्ठ निर्बंध. त्याच विषयावरील एका मताला मुभा देऊन दुसऱ्यास अटकाव करणारा तो दृष्टिकोननिष्ठ निर्बंध. निषिद्ध ठरू शकणाऱ्या शब्दांतूनही शासनाला नावडत्या मतानुसार निवड करता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आर. ए. व्ही. विरुद्ध सेंट पॉल या खटल्यात म्हटले. या भेदाच्या आधारे एका महाराष्ट्रीय खटल्याचे परीक्षण येथे अभिप्रेत आहे.

विवेचन :
वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत वितरणाच्या अंकात छापली गेली. तक्रारीवरून लातूर येथे गुन्हा नोंदविण्यात आला. भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ व १५३-ब खालील आरोप गळाले. कलम २९२ खालील अश्लीलतेचा आरोप उरला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिलगिरी व्यक्त झाल्याचे लक्षात घेऊन, प्रकाशनाची बाजू मुक्त केली. कवीपुढे मात्र खटला उभाच राहिला.

अवीक सरकार खटल्यात (२०१४) समकालीन समाजाचा मापदंड स्वीकारला गेला होता. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीचे नाव येताच हाच मापदंड अधिक कठोर होतो, अशी भर या निकालाने घातली. गांधीजींवरील टीकेस किंवा उपहासास न्यायालयाने मनाई केली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. गौरवपर कवितेतील अश्लील शब्दही याच कसोटीस उतरावे लागतील. म्हणून बाह्यतः हा निर्बंध दृष्टिकोननिष्ठ नव्हे.

तथापि दोन आक्षेप उरतात. एक, 'आदरणीय' कोण हे बहुमताच्या श्रद्धेवरून ठरते. म्हणजे विषयाची सीमाच एका मूल्यनिर्णयाने आखली जाते. शिवाय 'आदर' हे कारण अनुच्छेद १९(२) मध्ये नाही; ते 'सभ्यता वा नीतिमत्ता' या शब्दांतून आत येते. दुसरे, गांधीजींच्या नावाचा समाजाने मांडलेला बाजार हेच कवितेचे लक्ष्य आहे, असे वाचन शक्य आहे. शब्दापाशीच थांबणारी कसोटी या आशयापर्यंत पोहोचत नाही.

येथे तुलना उद्बोधक ठरते. गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी' या पुस्तकाच्या जप्तीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द केला. तेथे प्रश्न गटागटांतील वैरभावाचा होता, अश्लीलतेचा नव्हे. कायद्याची चौकट भिन्न होती. तरीही परिणाम विचार करावयास लावणारा आहे : हत्येच्या कटात शिक्षा झालेल्याची बाजू मोकळी झाली आणि कवीची उपरोधिक कविता आरोपीच्या पिंजऱ्यात गेली.

निष्कर्ष :
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी कलम २९२ चा आशय तिच्या कलम २९४ मध्ये कायम आहे. त्यामुळे प्रश्न संपलेला नाही. संघटनेच्या अंतर्गत अंकावर जे ओढवले, ते महाविद्यालयाच्या वार्षिकांकावरही ओढवू शकते. अश्लीलतेची कसोटी सर्व नावांना सारखी ठेवणे, हाच संविधानाशी सुसंगत मार्ग ठरतो. आदर समाजाने जपावा. त्याचे प्रमाण फौजदारी कायद्याने ठरवू नये.