लावणी महोत्सव : रंगस्थळ, संबोधन आणि निकष

एखाद्या लोककलेचे महोत्सव भरू लागले म्हणजे तिला प्रतिष्ठा लाभली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. रंगस्थळ पालटले की गाणारा आणि ऐकणारा यांचे नाते पालटते. आणि ज्या कलेचा अर्थच या नात्यावर उभा आहे, तिच्या बाबतीत हा पालट केवळ बाह्य राहत नाही. लावणीच्या महोत्सवांचा विचार या अंगाने करणे अगत्याचे आहे.

लावणीची रंगस्थळे प्रामुख्याने तीन. पहिले गावची यात्रा. मावळातील सोमाटणे-तळेगावच्या पट्ट्यापासून थेट जुन्नर-आंबेगावपर्यंत चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात. नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी तेथे जाऊन फडाला सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची कीर्ती याच परंपरेतली. येथे गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात लावणी हे एक अंग असते. दुसरे रंगस्थळ संगीत बारीचे. पुण्याचे आर्यभूषण किंवा दौंड तालुक्यातील चौफुला येथील थिएटरांत स्त्रियांचे संच पाळीपाळीने कला सादर करतात, आणि रसिकाच्या फर्माइशीवरून स्वतंत्र बैठकही होते. तिसरे रंगस्थळ महोत्सवाचे. ते सर्वांत अलीकडचे.

बैठकीच्या लावणीचे भाषिक स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे. ही रचना बहुतांशी द्वितीयपुरुषी असते. ‘राया’, ‘सजणा’, ‘पाव्हणं’ ही संबोधने तीत अलंकार म्हणून येत नाहीत. समोर बसलेल्या श्रोत्याला ती उद्देशून असतात. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे, आणि रुसवा दाखवावयाचा असता पुन्हा ‘तुम्ही’वर जाणे, यांतून सलगीचे अंतर मोजले जाते. गायिका एकच ओळ अनेकदा घेते आणि प्रत्येक वेळी डोळा, भुवई, बोटे व स्वर यांच्या योगाने निराळा आशय सूचित करते. कागदावर जे एक वाक्य असते, त्याची बैठकीत अनेक उक्ती होतात. श्रोत्याची दाद, त्याची फर्माइश, त्याची दौलतजादा हे या संवादातील प्रतिवचन होय. अर्थात हा संवाद समान पातळीवरचा नव्हता. ऐकणाऱ्याजवळ पैसा होता, आणि गाणारीच्या वाट्याला समाजाचा तिरस्कार होता. बैठकीचे गोडवे गाणाऱ्या समीक्षकांना या बाबीचा सहसा विसर पडतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशासुधारणेसाठी समिती नेमली. त्या काळी प्रश्न शुद्धीचा होता. पुढे तो संवर्धनाचा झाला. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ अकलूज येथे १९९३ साली सुरू झालेली लावणी स्पर्धा हा या दुसऱ्या टप्प्यातील महत्त्वाचा आरंभ. पुढे राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयानेही लावणी महोत्सव भरविले. जो कार्यक्रम घरंदाज स्त्रीने पाहू नये असा संकेत होता, तो कुटुंबासह पाहण्याची वाट यामुळे मोकळी झाली. कलावतीचे नाव आदराने पुकारले जाऊ लागले. ही मिळकत लहान नव्हे.

परंतु हजारोंच्या समुदायासमोर ‘राया’ कोणाला म्हणावयाचे? भव्य मंचावरून भुवई दिसत नाही. म्हणून पदन्यास वाढतो. वेळ ठरलेला असतो. म्हणून ओळीची पुनरावृत्ती आखडते. संबोधन व्याकरणात उरते, व्यवहारातून जाते. खडी लावणी हा पालट सहज पचविते, कारण तिचा पिंडच नृत्याचा आहे. बैठकीच्या लावणीला मात्र तो सोसत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७५ साली, म्हणजे अकलूजच्या स्पर्धेपूर्वी अठरा वर्षे, मिळाला होता. त्या प्रामुख्याने बैठकीच्या अदाकारीसाठी ओळखल्या जात. प्रतिष्ठेला भव्य मंचच लागतो हे गृहीतक यामुळे दुबळे ठरते.

या संदर्भात टँगोचे उदाहरण उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्युनोस आयरीस व माँटेव्हिडिओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत, स्थलांतरित व आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे नृत्य वाढले. प्रतिष्ठितांनी आरंभी त्याकडे नाक मुरडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पॅरिसने ते उचलल्यावर मायदेशी त्याचा मान वाढला. ब्युनोस आयरीस येथे २००३ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते आणि २००९ साली युनेस्कोने त्याची वारसायादीत नोंद केली. टँगोही मुळात दोघांचा जवळून होणारा संवाद आहे. मात्र त्या स्पर्धेने मंचीय टँगो आणि सामाजिक नृत्यगृहातील टँगो असे दोन स्वतंत्र विभाग ठेवले. दुसऱ्या विभागात अनेक जोड्या एकाच वेळी वर्तुळाकार गतीने नाचतात, संयोजक लावतील त्या संगीतावर उत्स्फूर्त रचना करतात, आणि संगीत चालू असेतो आलिंगन सुटू द्यावयाचे नसते. कलेचा प्राण कशात आहे हे ओळखून तेथे नियम केला गेला.

लावणीच्या आयोजकांनी आणि अभ्यासकांनीही हा भेद मान्य करावयास हवा. बैठकीच्या लावणीसाठी लहान दालन, मोजके श्रोते, पुनरावृत्तीला पुरेसा अवधी आणि अदाकारी जाणणारे परीक्षक असावेत. तसेच त्या दालनात जुनी विषमता परत येऊ नये म्हणून कलावतीचे मानधन आधी ठरलेले असावे, ते श्रोत्याच्या लहरीवर सोडू नये. संशोधकांनी लावणीची केवळ संहिता छापून थांबू नये. एका ओळीच्या निरनिराळ्या उक्ती ध्वनिचित्रमुद्रणाने नोंदवाव्यात. महोत्सवाने लावणीला समाजात जागा मिळवून दिली आहे. त्या जागेत ती कोणाशी तरी बोलू शकेल की नाही, हे मात्र निकष कोणते लावले जातात यावर ठरेल.