पाठदुखीचा तक्ता आणि रोवणीची बांधी

आरोग्यशिक्षणाच्या तक्त्यांवर एक चित्र हमखास असते. डावीकडे कमरेत वाकून खोके उचलणारा माणूस, त्यावर लाल फुली; उजवीकडे गुडघे वाकवून तेच खोके उचलणारा, त्यापुढे बरोबरची खूण. खाली मजकूर : ‘चुकीच्या सवयी टाळा.’

चित्र खोटे नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या मणक्यांमधील चकतीत दाबमापक बसवला. सरळ उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल भरला, पुढे वाकल्यावर १.१. वीस किलो वजन पाठ वाकवून उचलताना २.३, तर गुडघे वाकवून उचलताना १.७. (मोजणी एकाच माणसावरची, हे विसरू नये.)

आमची तक्रार वेगळी आहे. भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी लागली, की बाया तासन्‌तास बांधीत वाकलेल्या असतात. हातात पऱ्ह्यांची जुडी. तिचे वजन ते किती! उचलायचे काहीच नाही, तर गुडघे वाकवून करायचे काय? चिखलपाण्यात उकिडवे बसून मागे सरकताही येत नाही. या बायांविषयी तक्ता गप्प आहे, आणि तो ज्या वर्गात टांगलेला असतो तेथे त्यांचीच मुले बसतात.

येथे ओझे म्हणजे स्वतःचे धड. तरफेचा हिशोब फळ्यावर मांडून पाहा. समजा, कमरेवरच्या शरीराचे वजन ३० किलो आहे. आडवे वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर येतो. पाठीचे स्नायू मात्र सांध्यामागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूंची ओढ ३० × २५ ÷ ५ = १५० किलोभार! पूर्ण वाकले की स्नायू बरेचसे सैल पडतात, पण मग ताण अस्थिबंधांवर जातो. ते हळूहळू लांबतात आणि उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. वाकून झाल्यावर लगेच भारा उचलू नये, तो यासाठी.

उपाय साधा वाटतो : मधूनमधून सरळ उभे राहावे. पण काम एकरावर ठेक्याने घेतलेले असेल, तर जी उभी राहील तिची ओळ मागे पडते. मजुरीची ही रीत पाठदुखीच्या कारणांत मोडते, आणि तक्ता मात्र तिला ‘सवय’ म्हणतो.

नवा तक्ता करायचा तर मुलांना घड्याळ आणि वही घेऊन बांधावर न्यावे. एक बाई तासात किती मिनिटे वाकलेली असते, किती वेळा सरळ होते, हे आधी टिपू द्यावे. चित्र त्यानंतर.